प्राध्यापकाने बाजू घ्यावी का?

प्राध्यापकांनी जाहीर भूमिका घ्यावी की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटत असतो. कुणी प्राध्यापक मोर्चात दिसतो, कुणी एखाद्या निवेदनावर सही करतो, कुणी युद्धाविरुद्ध चार ओळी लिहितो आणि मग ठरलेली वाक्ये सुरू होतात. एक बाजू म्हणते, पगार शिकवण्याचा घेता ना, मग शिकवा. चळवळच करायची असेल तर राजीनामा द्या. दुसरी बाजू म्हणते, तटस्थ ज्ञान असे काही नसतेच, सगळेच राजकारण असते, तेव्हा आम्हाला जाब विचारू नका. पहिलीला विद्वत्ता सोवळ्यात ठेवायची आहे, दुसरीला ती आपल्या गटाच्या दावणीला बांधायची आहे. दोन्हींमध्ये मूळ प्रश्न हरवतो. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो: अभ्यासकाने बाजू घेण्यात काही गैर नाही; कित्येक विषयांत कुणीतरी बाजू घेईपर्यंत अभ्यास सुरूच होत नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा अभ्यासक आपल्या रोजच्या कामात वापरतो ती पुराव्याची कसोटी आपल्या बाजूला लावायचे टाळतो. ही चूक धरून बोलण्यावरच बंदी घालणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

हवेत बोलण्यापेक्षा एका दाम्पत्याचे आयुष्य समोर ठेवू या. थॉमस हॉजकिन आणि डोरोथी हॉजकिन, दोघांचाही जन्म १९१० चा. आफ्रिकेचा इतिहास हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे, हे ब्रिटनमध्ये ज्यांनी पहिल्यांदा ठासून सांगितले, त्यांच्यापैकी थॉमस एक. डोरोथी यांचे नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माहीत असते: क्ष-किरणांनी स्फटिकांचा वेध घेऊन त्यांनी पेनिसिलिन आणि जीवनसत्त्व बी-१२ यांची, आणि नोबेलनंतर इन्शुलिनचीही, रचना उलगडली आणि १९६४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. ही बातमी आली तेव्हा त्या ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत नव्हत्या. घानात, थॉमस यांच्याकडे होत्या. त्या काळात थोरला मुलगा अल्जीरियात गणित शिकवत होता, मुलगी झांबियात इतिहासाची शिक्षिका होती आणि धाकटा विद्यापीठात जाण्यापूर्वीचे वर्ष भारतात काढत होता. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी मात्र मथळ्यात ‘गृहिणी’ला आणि ‘तीन मुलांच्या आई’ला नोबेल मिळाल्याचे छापले.

या दोघांच्या भूमिका कुठून आल्या, हे पाहण्यासारखे आहे, कारण ‘पुस्तकी लोकांना चळवळीचे वेड लागते’ हा आक्षेप इथे टिकत नाही. डोरोथी यांचा जन्म कैरोतला. वडील इजिप्त आणि सुदानमध्ये ब्रिटिश अमलाखालच्या शिक्षण खात्यात अधिकारी होते. आई मॉली प्राचीन वस्त्रांची आणि विणकामाची जाणकार. पहिल्या महायुद्धाने तिचे चार भाऊ हिरावले. १९२५ मध्ये ती पंधरा वर्षांच्या मुलीला जिनिव्हाला राष्ट्रसंघाचे अधिवेशन दाखवायला घेऊन गेली. शांततेचा आग्रह डोरोथींना असा घरातूनच मिळाला, चार मामांच्या मृत्यूतून. थॉमस यांचे घराणे क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतले, वडील ऑक्सफर्डमधले इतिहासकार. तरुणपणी ते पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत शिरले आणि थेट हाय कमिशनरचे खासगी सचिव झाले. १९३६ मध्ये अरबांचा उठाव झाला. सरकार तो कसा मोडून काढत होते हे त्यांनी त्या कार्यालयात बसून पाहिले आणि राजीनामा दिला. साम्राज्यवादाविरुद्धचे त्यांचे मत ग्रंथालयात तयार झाले नव्हते. सरकारी फायलींमधून आले होते.

नंतर थॉमस इंग्लंडच्या उत्तरेकडे बेकार खाणकामगारांना शिकवायला गेले, मग कामगारांच्या संध्याकाळच्या वर्गांवर. १९३७ च्या डिसेंबरात दोघांचे लग्न झाले. पण डोरोथी ऑक्सफर्डला आणि थॉमस बाहेरगावी, भेट शनिवार-रविवारची, हे वर्षानुवर्षे चालले. महायुद्धानंतर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागाचे ते सचिव झाले आणि १९४७ मध्ये अशाच वर्गांच्या कामासाठी गोल्ड कोस्ट (आजचा घाना) आणि नायजेरियाला गेले. कारकून, शिक्षक, कामगार संघटनांची माणसे दिवसभराचे काम आटोपून अर्थकारण आणि राज्यशास्त्र शिकायला येत. वसाहतीच्या अधिकाऱ्यांना या वर्गांचा संशय येऊ लागला, आणि एका अर्थाने तो खरा होता. माणसे विचार करायला शिकत होती. १९५२ मध्ये थॉमस यांनी ऑक्सफर्डची नोकरी सोडली आणि आफ्रिकाभर हिंडायला सुरुवात केली. त्या भटकंतीतून १९५६ मध्ये वसाहतीतील आफ्रिकी राष्ट्रवादावरचा त्यांचा ग्रंथ आला. पक्ष, चर्च, कामगार संघटना, शहरांतील मंडळे या सगळ्यांचा त्यात एकत्र विचार होता. १९६२ मध्ये, स्वतंत्र होऊन पाच वर्षे झालेल्या घानात, लेगॉन येथील आफ्रिकी अध्ययन संस्थेचे ते पहिले संचालक झाले.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप असा की बाजू घेतलेला माणूस जे पाहायचे तेच पाहतो, म्हणून अभ्यासासाठी अलिप्त माणूस बरा. याची परीक्षा घ्यायला इतिहासाने एक उत्तम उदाहरण दिले आहे. १९६३ मध्ये, थॉमस लेगॉनला संस्था उभारत असताना, ऑक्सफर्डचेच एक नामवंत इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी व्याख्यानात सांगितले की आफ्रिकेला शिकवण्याजोगा इतिहास सध्या तरी नाही. आहे तो आफ्रिकेतील युरोपीयांचा, बाकी बहुतेक अंधारच. ट्रेव्हर-रोपर मोर्चात जाणाऱ्यांपैकी नव्हते. ते इतिहासाच्या सर्वांत मानाच्या अध्यासनावर बसले होते. त्यांचे वाक्य प्रक्षोभक ठरले खरे, पण ‘पक्षपाती’ म्हणून त्यांची नोकरी धोक्यात आल्याचे कुणी ऐकले नाही. त्याच वेळी ज्यांना पक्षपाती म्हटले जात होते ते थॉमस आणि त्यांचे सहकारी काय करत होते? उत्तर घानातल्या मशिदींच्या आणि जुन्या विद्वान घराण्यांच्या पेट्यांतून अरबी आणि हौसा हस्तलिखिते जमवत होते, त्यांच्या नकला करून घेत होते, सूची बनवत होते.

आणि त्या कथित अंधारात होते तरी काय? चौदाव्या शतकाच्या मध्यावर इब्न बतूता मालीच्या दरबारात जाऊन आला आणि त्याने ते लिहून ठेवले. सतराव्या शतकात टिंबक्टूच्या अल-सादीने सोंघाई राज्याचा इतिहास लिहिला. कानो शहराच्या राजांची बखर होती. १८०४ मध्ये उस्मान दान फोदिओने सुरू केलेल्या चळवळीतून सोकोटोचे राज्य उभे राहिले. तो स्वतः, त्याचा भाऊ अब्दुल्लाही, मुलगा मुहम्मद बेल्लो आणि मुलगी नाना आस्माउ या एका घराने धर्म, न्याय, राज्यकारभार आणि काव्य यांवर शेकडो लहानमोठी पुस्तके रचली. हे सगळे कागदावर होते. ते शोधायला जाण्याची इच्छा फक्त त्यालाच झाली, ज्याला आधीच वाटत होते की या लोकांना इतिहास आहे आणि राज्य करण्याचा हक्कही आहे. अलिप्त माणूस घरी बसला आणि चुकला. बाजू घेतलेला माणूस पेट्या उघडायला गेला आणि त्याला हस्तलिखिते सापडली.

मराठी वाचकाला यात अनोळखी असे काही वाटू नये. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो मेहनती होता, पण सह्याद्रीच्या वणव्यासारखे मराठे एकाएकी भडकले, ही त्याची दृष्टी आपल्या लोकांना सलली. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेत त्यावर टीका लिहिली आणि पुढे वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि देवघरांतून मोडी कागदांचे रुमाल गोळा करत राहिले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. राजवाडे तटस्थ होते का? मुळीच नव्हते. स्वदेशाचा आणि स्वभाषेचा अभिमान त्यांच्या अंगात भिनलेला होता, आणि त्या अभिमानामुळेच ते दप्तरे वाळवीच्या तोंडातून सुटली. हाच अभिमान निष्कर्ष काढायला बसला, तेव्हा, विशेषतः जातींच्या प्रश्नावर, राजवाडे घसरले, हेही तितकेच खरे. शोध घ्यायला लावणारी ओढ आणि निवाडा करणारी कसोटी ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाला बाजू लागते. दुसऱ्या कामात ती आडवी येऊ द्यायची नाही.

इथे विरोधकांचे सर्वांत वजनदार मुद्दे मान्य करायला हवेत. हॉजकिन दाम्पत्याचे चाहते ते बहुधा गाळतात, आणि गाळल्यामुळेच त्यांची बाजू लंगडी पडते. घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने १९५८ मध्येच खटल्याशिवाय तुरुंगात टाकण्याचा कायदा केला होता. १९६४ मध्ये घाना एकपक्षीय राज्य झाले. ‘घाना’ हे नाव सुचवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते स्वातंत्र्यलढ्यातले ज्येष्ठ वकील जे. बी. डांक्वा १९६५ च्या फेब्रुवारीत न्सावामच्या तुरुंगात, खटला न चालता, मरण पावले. थॉमस त्या वर्षी त्याच देशात, त्याच सरकारच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या संस्थेचे संचालक होते. एन्क्रुमा त्यांचे जुने स्नेही. तो स्नेह त्यांनी तोडला नाही आणि डांक्वांसाठी ते जाहीरपणे उभे राहिले नाहीत. ज्याने पॅलेस्टाइनमध्ये दडपशाही पाहून नोकरी सोडली होती, त्याच्याकडून अधिक अपेक्षा होती, असे कुणी म्हटले तर माझ्याकडे बचाव नाही.

डोरोथी यांच्या खात्यावरही एक डाग आहे. १९८३ मध्ये रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या पर्गमॉन प्रकाशनाने रुमानियाच्या हुकूमशहाची पत्नी एलेना चाउशेस्कू हिच्या नावावरचा पॉलिमर रसायनाचा ग्रंथ इंग्रजीत काढला. त्याला डोरोथींनी प्रस्तावना लिहिली आणि लेखिकेच्या कर्तृत्वाची वाखाणणी केली. एलेनाचे शालेय शिक्षणसुद्धा धड झालेले नव्हते. तिच्या नावावरचे संशोधन दुसऱ्यांनी केलेले होते. १९८९ नंतर हे उघड झाले, पण रुमानियातल्या रसायनशास्त्रज्ञांना ते आधीपासून ठाऊक होते. शांततेसाठी पूर्व युरोपाशी दारे उघडी ठेवायची, या सदिच्छेतून जगातल्या एका थोर रसायनशास्त्रज्ञाने एका बनावट रसायनशास्त्रज्ञाला मान मिळवून दिला. १९८७ मध्ये डोरोथींना सोव्हिएत संघाचे लेनिन शांतता पारितोषिकही मिळाले. शांततेचा पुरस्कार करणारी मंडळी पश्चिमेच्या बाँबबद्दल जितक्या जोराने बोलली, तितक्या जोराने पूर्वेच्या तुरुंगांबद्दल बोलली नाहीत, हा आरोप एका पिढीवर आहे आणि तो पुष्कळसा खरा आहे.

पण या दोन चुका जरा जवळून पाहा. डांक्वांच्या बाबतीत थॉमस यांच्या हातून काय चूक झाली? ते बोलले नाहीत. म्हणजे ‘प्राध्यापकाने राजकारणावर बोलू नये’ म्हणणाऱ्यांचा सल्ला त्यांनी त्या प्रसंगी तंतोतंत पाळला, आणि तीच त्यांची चूक ठरली. त्या वेळी घाना विद्यापीठाचे कुलगुरू होते आयर्लंडचे कॉनर क्रूझ ओब्रायन. तेही तटस्थ नव्हते; काँगोतून फुटू पाहणाऱ्या कटांगा प्रांताच्या प्रकरणावरून संयुक्त राष्ट्रांतून बाहेर पडलेले, वसाहतवादाचे कडवे विरोधक. पण विद्यापीठाच्या स्वातंत्र्यावर सरकारने हात टाकला तेव्हा त्यांनी एन्क्रुमांशी उघड भांडण घेतले. आफ्रिकेची बाजू घेतली की आफ्रिकी सत्ताधाऱ्यांपुढे गप्प बसावे लागते, असा काही नियम नाही, हे एकाच विद्यापीठात, एकाच वेळी सिद्ध झाले होते.

एलेनाच्या प्रस्तावनेचे तर आणखी विचित्र आहे. तो मोर्चा नव्हता, निवेदन नव्हते, भाषणही नव्हते. एका रसायनशास्त्रज्ञाने रसायनशास्त्राच्या पुस्तकाला लिहिलेली ती प्रस्तावना होती. प्राध्यापकांसाठी कितीही कडक आचारसंहिता करा, तिच्यात हे कृत्य शंभर टक्के बसते. डोरोथींच्या सार्वजनिक आयुष्यातली सर्वांत मोठी चूक त्यांच्या स्वतःच्या विषयात, त्यांच्या अधिकारक्षेत्रात झाली, आणि झाली ती एवढ्यामुळेच की तिथे त्यांनी आपली कसोटी बाजूला ठेवली. ती कसोटी काय होती, हे पेनिसिलिनच्या वेळी दिसले होते. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे आहे, हे १९४५ मध्ये त्यांच्या क्ष-किरणांच्या छायाचित्रांवरून निघत होते. ऑक्सफर्डचेच दिग्गज रॉबर्ट रॉबिन्सन, ज्यांना दोनच वर्षांनी नोबेल मिळाले, वेगळीच रचना धरून बसले होते. डोरोथींनी रॉबिन्सन यांच्या दबदब्याकडे पाहिले नाही; इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या नकाशावर जे दिसले तेच सांगितले. त्या डोळ्यांनी एलेनाचे ‘संशोधन’ अर्धा दिवस जरी तपासले असते, तरी प्रस्तावना लिहिली गेली नसती.

दुसरा आक्षेप अधिकाराचा आहे. रेणूंची रचना कळणाऱ्या बाईंना व्हिएतनाम युद्धाचे काय कळते? नोबेलचे वजन दुसऱ्याच तराजूत टाकणे ही फसवणूक नव्हे काय? आक्षेप अर्धा मान्य. वैज्ञानिकाच्या राजकीय मताला तो वैज्ञानिक आहे म्हणून जादा किंमत देऊ नये, आणि दूरचित्रवाणीवर प्रत्येक विषयावर बोलणाऱ्या नामवंतांनी हे मनावर घ्यावे. पण शांततेच्या कामात डोरोथींचे खरे योगदान मतांचे नव्हतेच. शीतयुद्धात दोन बाजूंमध्ये विश्वास उरला नव्हता, आणि वैज्ञानिकांकडे तो शिल्लक होता, कारण ते एकमेकांचे आकडे वर्षानुवर्षे तपासत आले होते. अण्वस्त्रांचा धोका टाळण्यासाठी दोन्ही गोटांतल्या वैज्ञानिकांना एकत्र आणणाऱ्या पगवॉश परिषदा याच भांडवलावर उभ्या राहिल्या. १९५५ च्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यानंतर पहिली बैठक खरे तर नेहरूंच्या निमंत्रणावरून दिल्लीत व्हायची होती. सुएझच्या संकटामुळे ती बारगळली आणि १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश नावाच्या खेड्यात बावीस वैज्ञानिक जमले. १९६४ मध्ये अशीच एक परिषद आपल्याकडे उदयपूरला झाली. डोरोथी १९७६ ते १९८८ या काळात पगवॉशच्या अध्यक्ष होत्या, आणि क्षेपणास्त्रांची तैनाती जोरात होती ती वर्षे याच काळात येतात.

याहून बोलके उदाहरण चीनचे आहे. इन्शुलिनवर डोरोथींनी १९३० च्या दशकात काम सुरू केले होते; रचना हाती आली १९६९ मध्ये. त्या संशोधनपत्रावर सही करणाऱ्यांत पुढे बंगळुरूला मोठी परंपरा उभी करणारे एम. विजयन होते. त्याच सुमारास बीजिंगमधल्या एका गटाने, जगाशी संपर्क तुटलेला असताना, स्वतंत्रपणे तेच कोडे सोडवले. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीचा धुमाकूळ चालू होता आणि चिनी स्फटिकशास्त्रज्ञांना आंतरराष्ट्रीय संघटनेत जागाही नव्हती. डोरोथी १९७२ मध्ये तिकडे गेल्या, त्यांचे नकाशे आपल्या नकाशांशेजारी ठेवून पाहिले, आणि त्याच वर्षी क्योटोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत चिनी गटाचे काम जगापुढे मांडले. ज्या कामात आयुष्याची तीसेक वर्षे घातली, त्यातले श्रेय न मागता वाटून दिले. याला मी शांततेचे काम म्हणतो, आणि ते करण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला होता?

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा. प्राध्यापक आपली मते वर्गात लादेल, ही भीती खोटी नाही. वर्गात गुणांची सत्ता प्राध्यापकाच्या हाती असते, म्हणून तिथे त्याने स्वतःला आवरले पाहिजे. यात मी तडजोड मागणार नाही. पण वर्गाबाहेरच्या भूमिकेमुळे वर्ग बिघडतोच, हे गृहीतक तपासा. चाळीसच्या दशकात डोरोथींच्या हाताखाली मार्गारेट रॉबर्ट्स नावाची मुलगी रसायनशास्त्र शिकली. पुढे मार्गारेट थॅचर म्हणून ती पंतप्रधान झाली आणि डोरोथींना मान्य असलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीच्या विरुद्ध वागली. तरी डाउनिंग स्ट्रीटवर तिने आपल्या गुरूचे चित्र लावले, आणि वृद्ध डोरोथी तिला भेटून सोव्हिएत संघाशी बोलणी करा म्हणून आग्रह धरत राहिल्या. मते इतकी ठाम असलेल्या शिक्षिकेने विद्यार्थिनीचे मत वाकवले नव्हते. तिला स्फटिक कसे वाचायचे ते शिकवले होते.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मला खटकते. सत्तेच्या विरुद्ध बाजू घेतली की प्राध्यापक ‘कार्यकर्ता’ ठरतो. सत्तेची बाजू घेतली तर तो ‘तज्ज्ञ’ राहतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचा शिल्पकार मानले जाणारे हेन्ड्रिक फेरवुर्ट स्टेलेनबॉश विद्यापीठात मानसशास्त्राचे आणि पुढे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. काळ्या मुलांना गौण शिक्षण देण्याची योजना ज्या आयोगाच्या अहवालातून निघाली, त्याचे अध्यक्ष वर्नर आयसेलेन त्याच विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. यांना कुणी चळवळे म्हटले नाही. उलट १९६८ मध्ये केप टाऊन विद्यापीठाने आर्ची मफेजे या काळ्या मानववंशशास्त्रज्ञाची रीतसर झालेली नेमणूक सरकारच्या दबावाखाली मागे घेतली, तेव्हा तिथला कारभार पाहणाऱ्या मंडळींना आपण राजकारण करतो आहोत असे वाटले नसेल. ते नियमात राहत होते.

बाजू घेण्याची किंमत काहींना फार मोठी पडली. १७ ऑगस्ट १९८२ रोजी मोझांबिकची राजधानी मापुतो इथल्या विद्यापीठात आफ्रिकी अध्ययन केंद्राच्या संशोधन संचालक रूथ फर्स्ट यांनी टपालाने आलेले पाकीट उघडले. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी पाठवलेल्या त्या बाँबने त्या जागीच गेल्या. त्या खोलीत केंद्राचे प्रमुख आकिनो द ब्रागांसा हेही होते आणि ते जखमी झाले. हे गृहस्थ गोव्याचे, बार्देशचे. पोर्तुगीजांच्या सगळ्या वसाहतींतल्या मुक्तिलढ्यांना एकत्र गुंफण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्यासोबत विमान कोसळून त्यांचा अंत झाला. गोव्याच्या मुक्तीवर आपण एवढे लिहितो, पण आफ्रिकेचा अभ्यास आणि आफ्रिकेचे स्वातंत्र्य एकाच आयुष्यात जगलेल्या या गोमंतकीयाची ओळख मराठीत अजून किती जणांना आहे?

आपल्याकडेही असे हिशेब चुकते केले गेले आहेत. रघुनाथ धोंडो कर्वे विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार त्यांच्या गणिताच्या तासाला कुठेही आड येत नव्हता, तरी त्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना नोकरीवर पाणी सोडावे लागले. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते, आहत (ठसे उमटवलेली प्राचीन) नाणी वजन करून त्यांतून इतिहास वाचणारे संशोधक होते आणि जागतिक शांतता चळवळीतले खंदे कार्यकर्तेही होते. देशाच्या विज्ञानाची सारी ओढ अणुऊर्जेकडे असताना ते सौरऊर्जेची बाजू मांडत होते. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. कोसंबींच्या राजकारणाशी आज कुणी सहमत असो वा नसो, नाण्यांचे त्यांनी घेतलेले वजन राजकारणामुळे कमी-जास्त भरले, असे त्यांच्या शत्रूंनीही म्हटलेले नाही.

थॉमस १९५२ मध्ये नोकरी सोडून आफ्रिकेत जाऊ शकले, कारण घरात डोरोथींचा पगार येत होता. तरुणपणीच सांधेदुखीने बोटे वाकलेली, तीन मुले पदरात. ऑक्सफर्डच्या मोठ्या घरात धाकटी बहीण जोन आपल्या पाच मुलांसह राहायला होती आणि तिच्या आधाराने तो गाडा चालत होता. डोरोथी शीतयुद्धात दोन्ही गोटांत फिरू शकल्या, कारण कुणीही काढून घेऊ शकणार नाही अशी प्राध्यापकी आणि पुढे नोबेल त्यांच्या पाठीशी होते. १९५३ मध्ये अमेरिकेने त्यांना व्हिसा नाकारला, तेव्हा त्यांचा एक दौरा हुकला. चूल विझली नाही. कर्व्यांची नोकरी गेल्यावर त्यांचे घर पत्नी मालतीबाईंनी तोलून धरले. आपल्याला प्राध्यापकांच्या भूमिकांविषयी खरोखर बोलायचे असेल तर चर्चा इथून सुरू व्हायला हवी. आज महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांपैकी कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत. नेमणूक एका शैक्षणिक वर्षाची, मानधन महिनोन्‌महिने थकलेले, पुढच्या जूनमध्ये परत बोलावतील की नाही हे प्राचार्यांच्या आणि संस्थाचालकांच्या मर्जीवर. त्यांच्यासाठी वेगळी आचारसंहिता करण्याची कुणालाच गरज नाही; ते आधीच गप्प आहेत. प्राध्यापकांनी बोलावे की न बोलावे यावर लेख लिहिणाऱ्यांनी, मीही त्यात आलो, आधी रिक्त जागा कायमस्वरूपी भरण्याची मागणी करावी. ती भरती झाल्यावर कोण काय भूमिका घेतो आणि ती पुराव्यावर टिकते का, हे तपासायला आपण सगळे मोकळे आहोत.